संगीत रोबोटिक्स

खऱ्या वाद्यावर आघात करून, तार छेडून किंवा हवा फुंकून यंत्राकरवी संगीत निर्माण करण्याचे शास्त्र. यात यंत्रविद्येइतकाच संगीतरचनेचा आणि मानसशास्त्राचाही वाटा असतो. भजनी मंडळांतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा यात मोडत नाही, कारण त्याचा नाद स्पीकरमधून येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात याचा नमुना कित्येक देवळांत रोज वाजतो. त्याला रोबो म्हणायचे मात्र कुणाला सुचत नाही. लोखंडी चौकटीत नगारा, झांज, घंटा आणि खाली एक मोटर. फिरता दांडा काठ्या उचलतो नि सोडतो. बटण दाबले की गजर सुरू. आरत्या संपून लोटांगणाला मंडळी लय चढवतात, तेव्हा टाळ्या पुढे निघून जातात आणि नगारा आपल्या चालीने मागून येत राहतो. मोटरला कान नाहीत.

माणूस लय कशी धरतो, हा मानसशास्त्राचा जुना प्रश्न. ठेक्याबरोबर बोट आपटायला सांगितले, तर बहुतेकांचे बोट ठोक्याच्या किंचित आधीच टेकते. म्हणजे आपण ठोका ऐकून वाजवत नाही, त्याचा अंदाज बांधून वाजवतो, आणि चुकले तर पुढच्या ठोक्यात सावरतो. मुरलेला पखवाजी टाळकऱ्यांना सांभाळून घेतो, तो असाच. अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठात गिल वाइनबर्ग यांच्या चमूने बनवलेला ‘हेली’ हा ढोलवादक रोबो सोबत्याचे वादन ऐकून त्याला उत्तर देतो. नंतरचा ‘शिमॉन’ चार हातांनी मरिंबा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवतो आणि लयीवर मानही डोलावतो. अशा यंत्रासाठी रचना करणाऱ्याला स्वर लिहून भागत नाही. काय ऐकल्यावर काय वाजवायचे, याचे नियमही त्यालाच बांधावे लागतात. अजय कपूर यांनी सेन्सर लावलेल्या सतारीच्या साथीला ‘महादेवीबॉट’ हा अनेक हातांचा तालवादक उभा केला, तो याच वाटेने.

भारतीय वाद्यांत नुसता आघात पुरत नाही. शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, तबला-मृदंगाचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये मांडले. पण ते स्वर निवडायचे काम बोटांचे. ‘ना’ काढताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकते आणि तर्जनी चाटीवर, म्हणजे पुडीच्या काठावर, पडते. डग्ग्यावरची मींड, म्हणजे घसरत जाणारा स्वर, तर मनगटाच्या दाबावर चालते. वीज मिळताच ठोका मारून मागे सरणाऱ्या सोलेनॉइडला यातले फारसे जमत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके हे एका तारेचे वाद्य त्याहून अवघड. तिथे तारेचा ताण हातानेच कमीजास्त होतो आणि स्वर गाणाऱ्याच्या आवाजामागे सरकत जातो. ते वाजवणाऱ्या यंत्राला ताण सतत बदलणारी मोटर तर लागेलच, शिवाय गाणारा दम घ्यायला कुठे थांबतो हेही ओळखावे लागेल.