पातो : बदकाच्या नावाने चालणारा खेळ

फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या अर्जेंटिनाचा अधिकृत राष्ट्रीय खेळ फुटबॉल नाही. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या सरकारने हुकूम काढून हा मान दिला तो ‘पातो’ या घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या खेळाला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत पातो म्हणजे बदक, आणि हे नाव खेळाला अगदी शब्दशः पडलेले आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभापासून उल्लेख सापडणाऱ्या या खेळात टोपलीत कोंबलेले जिवंत बदक हिसकावून ते आपल्या मळ्यावरच्या घरापर्यंत नेणारा गट जिंकत असे. दोन शेजारी मळ्यांमधला सगळा माळ हेच मैदान असल्याने त्याला सीमा नव्हती, आणि नियमही जवळपास नव्हते. गाउचो, म्हणजे तिथले घोडेस्वार गुराखी, टापांखाली चिरडले जात, चाकूही निघत. १७९६ मध्ये एका पाद्र्याने तर पातो खेळताना मेलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारावे, असा आग्रह धरला. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारी बंदीहुकूम वारंवार निघाले. ते पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच ते कितपत पाळले गेले असावेत याचा अंदाज येतो.

खेळाला आजचे रूप आले ते १९३० च्या दशकात, आल्बेर्तो देल कास्तियो पोसे यांनी पोलोच्या धर्तीवर नियम बांधले तेव्हा. बदकाची जागा सहा मुठी असलेल्या कातडी चेंडूने घेतली, चार-चार स्वारांचे संघ ठरले आणि उंच खांबावरची उभी कडी व तिच्यामागची जाळी हा गोल झाला. चेंडू हाती असलेल्या स्वाराने उजवा हात बाजूला ताणून तो प्रतिस्पर्ध्यापुढे धरावाच लागतो. तो दडवणे हा गुन्हा ठरतो. जुन्या हिसकाहिसकीची ओळख या एका नियमात बरीचशी टिकून आहे.

मैदानाबाहेर या शब्दाचे अर्थ देशागणिक बदलतात. चिलीत ‘पातो’ असणे म्हणजे खिशात दमडी नसणे, तर पोर्तो रिकोत ती समलिंगी पुरुषाला दिलेली शिवी आहे. ब्राझीलमध्ये ‘बदकाचे पैसे भरणे’ म्हणजे दुसऱ्याने केलेल्याची किंमत आपण मोजणे. तोच वाक्प्रचार उचलून साओ पावलोच्या उद्योजक महासंघाने २०१५ मध्ये करवाढीविरुद्ध हवा भरलेले प्रचंड पिवळे बदक रस्त्यावर आणले, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जिल्मा रूसेफ यांच्यावर महाभियोग चालवावा, या मागणीच्या मोर्चांतही ते दिसले.