रिबाव्हिरिनने उतरलेलं हिमोग्लोबिन आणि लोहाअभावी उतरलेलं हिमोग्लोबिन

हिपॅटायटिस सीचं औषध सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन साडेबारावरून थेट दहावर आलेलं दिसतं. घरात लगेच बीट, डाळिंब, अळिवाचे लाडू सुरू होतात आणि मेडिकलमधून लोहाच्या गोळ्यांची पट्टी येते. आपल्याकडे 'रक्त कमी' म्हटलं की उपाय ठरलेला आहे, आणि एरवी तो बऱ्याचदा बरोबरही असतो. इथे मात्र आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघावी. तिच्यावर रिबाव्हिरिन, म्हणजे मुख्य गोळ्यांच्या जोडीला काहींनाच दिलं जाणारं विषाणूविरोधी औषध, आहे का?

नसेल, तर हिमोग्लोबिन उतरण्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे. सध्या बहुतेक रुग्णांना सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला वेलपाटास्विर किंवा डॅक्लाटास्विर, असा १२ आठवड्यांचा कोर्स दिला जातो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तो मोफत मिळतो. या गोळ्या एकट्या सहसा रक्त एवढं उतरवत नाहीत. रिबाव्हिरिनची भर पडते ती मुख्यतः सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) पुढे गेलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णांत. पूर्वी ते इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांसोबत २४ किंवा ४८ आठवडे द्यायचे. इंटरफेरॉन रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेलाही दाबायचं, त्यामुळे रक्तावर दुहेरी मार बसायचा. 'त्या औषधाने माणूस पांढराफटक पडतो' ही भीती त्या काळातली, आणि ती खोटी नव्हती.

लोहाच्या कमतरतेत हिमोग्लोबिन तयार करायला लागणारा मालच कमी पडतो. पेशी बनतात, पण लहान आणि फिकट. हे काम हळूहळू, महिनोन्‌महिने चालतं. रिबाव्हिरिनचा मार्ग अगदी वेगळा. ते लाल पेशीत शिरतं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि मग तिथेच अडकतं, कारण ते परत बाहेर काढायला लागणारी विकरं (एन्झाइम्स) लाल पेशीकडे नसतात. साठत गेलेलं औषध पेशीची ऊर्जा खातं, तिचं आवरण कमकुवत करतं आणि प्लीहा अशा पेशी वेचून मोडीत काढते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी लवकर मरते. म्हणून इथे घसरण झपाट्याने होते. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन दोन-तीन अंकांनी उतरतं आणि मग बहुतेकांत तिथेच थबकतं. लोह भरपूर असतं, उलट मोडलेल्या पेशींतलं लोह शरीर परत वापरतं. वरून गोळ्या देऊन काही साधत नाही. हिपॅटायटिस सीमध्ये कित्येकांच्या यकृतात आधीच जास्त लोह साठलेलं असतं, त्यात भर घालणं शहाणपणाचं नाही.

थकवा, धाप, धडधड या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच, त्यांवरून ओळख पटणार नाही. रिपोर्टमधले बाजूचे आकडे वाचावे लागतात. लोह कमी असेल तर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) खाली जातात. पेशी फुटत असतील तर एमसीव्ही ठीक किंवा किंचित वाढलेला, रेटिक्युलोसाइट (नव्याने बनलेल्या कोवळ्या लाल पेशी) आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात येणारं विकर) चढलेले, आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने अजून हाताळलेलं नसलेलं काविळीचं पिवळं द्रव्य, तेही थोडं वर. हा शेवटचा आकडा घरच्यांना फार घाबरवतो, कावीळ वाढली असं वाटतं. पण वाढ फक्त इनडायरेक्ट भागात असेल आणि बाकी यकृताचे आकडे स्थिर असतील, तर ती फुटलेल्या पेशींची खूण असते.

खरी पंचाईत दोन्ही एकत्र असतात तेव्हा. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून किंवा जठरातून रक्त झिरपू शकतं आणि लोह खरोखरच कमी होतं. यकृताच्या सुजेमुळे फेरिटिन मात्र वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते. त्यात लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, रक्तस्रावातही काळंच होतं. स्वतःच्या मनाने गोळ्या घेणाऱ्या सिरॉसिसच्या रुग्णाबद्दल मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते: धोक्याची खूण गोळीच्या नावावर खपून जाते. काळं, डांबरासारखं चिकट शौच दिसलं तर थेट दवाखाना गाठावा.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बरंच आढळतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) असलेल्यांना रिबाव्हिरिन देत नाहीत, म्हणून घरात असा आजार असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगावं. हृदयाचा त्रास आणि मूत्रपिंडाचं दुखणं, हेही.

रिबाव्हिरिनमुळे उतरलेल्या रक्तावर उपाय म्हणजे डोस कमी करणं. हृदयविकार नसलेल्या माणसात हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की डोस दिवसाला ६०० मिलिग्रॅमवर आणतात, ८.५ च्या खाली गेलं की रिबाव्हिरिन थांबवतात. हृदयरुग्णांत याहून आधीच सावध होतात. हा निर्णय डॉक्टरांचा. आपणच रिबाव्हिरिनची गोळी वगळली तर सोबतच्या औषधाचा कोर्स १२ ऐवजी २४ आठवड्यांचा करावा लागतो का, हे बघायला कुणी उरत नाही.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. लाल पेशी अल्पायुषी झाल्या की एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटाच चांगला येतो, तेव्हा या काळात ग्लुकोमीटरवर विसंबावं. औषध संपल्यावर हिमोग्लोबिन साधारण चार ते आठ आठवड्यांत पूर्वपदावर येतं. तोवर आलं नाही, तर मात्र लोह, बी-१२ आणि रक्तस्राव यांची तपासणी नव्याने सुरू करायची.