पंड्याच्या वहीतला चितारी

पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरी संस्थानांतल्या, लघुचित्रांच्या पाटीवर बरीच वर्षं माणसाचं नाव नसायचं, संस्थानाचं असायचं. बसोली, गुलेर, कांगडा. कलेचे इतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी १९१६ मध्ये राजपूत चित्रकलेचे राजस्थानी आणि पहाडी असे दोन भाग पाडले. पुढच्यांनी पहाडीचे संस्थानवार कप्पे केले. चिताऱ्याने सही करायची रीत जवळजवळ नव्हतीच. मागच्या बाजूला त्या भागातल्या टाकरी लिपीत कधी एखादी ओळ, तीही बहुधा चित्रातला राजा कोण ते सांगणारी.

कलेचे इतिहासकार बी. एन. गोस्वामी आयएएसची नोकरी सोडून संशोधनाकडे वळलेले. त्यांनी चित्रं बाजूला ठेवून हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची वंशावळ लिहून ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या, वह्या उघडल्या. तर्क अगदी घरगुती होता: चिताऱ्यांच्या घरातही माणसं मेली असतील, अस्थी घेऊन कुणीतरी गंगेवर गेलं असेल, आणि गेलं तर पंड्याने बापा-आज्याचं नाव विचारलं असेलच. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांनी नामावळी काढून पणजोबांचं नाव वाचून दाखवल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. कलेच्या अभ्यासकांना मात्र ते तोवर सुचलं नव्हतं.

वह्यांत घराणंच्या घराणं निघालं. गुलेरचे पंडित सेऊ, त्यांचे मुलगे मानकू आणि नैनसुख. नैनसुखची १७६३ ची नोंद तर त्याच्याच हातची आहे. त्याचा आश्रयदाता, जसरोटा संस्थानातला बलवंतसिंह, त्या वर्षी वारला; त्याच्या अस्थी घेऊन नैनसुख आला होता. नावगाव, बाप सेऊ, आजा हसनू असं लिहून झालं आणि शेजारी त्याने एक छोटं रेखाचित्रही काढून ठेवलं. नैनसुखच्या चित्रांत हाच बलवंतसिंह दाढी कोरून घेतो, तंबूत पत्र लिहीत बसतो. एवढी सलगी पोटार्थी चिताऱ्याला मिळत नाही, असं मला वाटतं.

१९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात गोस्वामींनी मांडलं की शैली संस्थानाची नसते, घराण्याची असते. चितारी पोटासाठी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जातो, हात तोच राहतो. नैनसुखही पुढे बसोलीच्या अमृतपालाकडे गेला.

पुढच्या पिढीशी मात्र गाडी अडते. वहीतून नावं कळतात, कुठली रेघ कुणाची ते कळत नाही. १७७५ च्या सुमाराचा गीतगोविंद काव्यावरचा तो देखणा चित्रसंच नैनसुखच्या मुलांपैकी कुणाचा, की मानकूच्या? त्याखाली अजूनही ‘मानकू-नैनसुखनंतरची पहिली पिढी’ एवढंच लिहितात.