हिंसक पतींचे समुपदेशन : श्रद्धा, जात आणि भावकी (कोल्हापूर)

पत्नीवर हात उचलणाऱ्या पुरुषाला केल्या कृत्याची जबाबदारी घ्यायला लावणे आणि हिंसा थांबवणे, हा या समुपदेशनाचा हेतू. संसार जुळवणे हा नव्हे; गल्लत नेमकी इथेच होते. अमेरिकेतील डुलुथ शहरात १९८१ पासून घडलेली पद्धत या क्षेत्रात सर्वाधिक परिचित आहे. ती सर्वांना एकाच साच्यात बसवते, पुरुषाची श्रद्धा आणि त्याचा समाज बाहेरच राहतो, अशी टीका तिच्यावर झाली.

कोल्हापूरकडे ‘समाज’ म्हणजे जात, धर्म, भावकी, सीमेलगत भाषासुद्धा. दारू सोडायची तर तुळशीची माळ घालतात. शब्द द्यायचा तर संत बाळूमामाचा भंडारा (देवाची हळद) उचलतात, नाहीतर जोतिबाची शपथ घेतात. चारचौघांत उचललेला भंडारा मोडायला माणूस कचरतो, म्हणून समुपदेशकालाही त्याचा मोह पडतो. मात्र माळेने दारू सुटली तरी संशय, पगारावरचा ताबा, माहेरी जायची बंदी सुटतेच असे नाही. उलट ‘त्यानं भंडारा उचललाय, आता तू केस मागे घे’ असा दाब बाईवरच येऊ शकतो. ‘अंबाबाईपुढं हात जोडतोस आणि घरच्या लक्ष्मीला मारतोस?’ हा समुपदेशकाचा सवालही लंगडाच. मार चुकवायला बाईने देवी कशाला असावे लागते?

जातीबाबत खबरदारी दुहेरी. ‘त्यांच्यात हे चालतंच’ हा समुपदेशकाचाच पूर्वग्रह असतो, आणि मारहाण तर कोणत्याच जातीची मक्तेदारी नाही. दुसरीकडे, भावकीतल्या थोरल्याचे पुरुष ऐकतो हे खरे, पण तो थोरला बहुधा ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणणारा निघतो.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. आजचा आधार म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी दोघांना एकत्र किंवा वेगवेगळे समुपदेशनासाठी पाठवू शकतात. पक्षकारांचा नातेवाईक समुपदेशक व्हायचा तर आपली हरकत नाही असे सर्व पक्षांनी लेखी द्यावे लागते. म्हणजे भावकीला इथे सहजी शिरकाव नाही. मारहाणीचे समर्थन पुरुषाला या बैठकीत करता येत नाही, मग कारण रीतीचे सांगो की धर्माचे. हिंसा पुन्हा करणार नाही अशी हमी त्याला समुपदेशकापुढे द्यावी लागते, आणि तडजोडीची बोलणी पीडितेची इच्छा असेल तरच होतात. भंडारा त्याने उचलला असो वा नसो.