पेशीची आठवण: नक्कल, पुसणे आणि राखणे

डीएनए मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर मिथाइल ही रासायनिक खूण लागणे, हे जनुकाचे बटण, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे. जनुकाच्या सुरुवातीला, प्रमोटरवर, मिथाइल खुणा दाट असतील तर ते सहसा गप्प असते; पण जोरात चालणाऱ्या जनुकाच्या मधल्या भागातही याच खुणा भरपूर सापडतात. कितीदा तर जनुक आधीच बंद झालेले असते, मिथाइल मागाहून येऊन कुलूप घालते. बटणापेक्षा ‘आठवण’ हा शब्द मिथायलेशनला जास्त शोभतो.

खूण इवलीशी: सायटोसिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांतल्या ‘सी’च्या) पाचव्या कार्बनला चिकटलेला मिथाइल गट. पृष्ठवंशीयांत ती बहुतेक करून ‘सी’च्या लगेच पुढे ‘जी’ हे अक्षर असेल तिथेच लागते. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएत, अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत आणि शरीरपेशींत त्यांतल्या ७० ते ८० टक्के जागांवर खूण असते.

गंमत या सी-जी जोडीतच आहे. समोरचा धागा उलट दिशेने वाचावा लागतो, त्यामुळे तिथेही सी-जीच येते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा जुन्या धाग्यावर खूण असते आणि नवा कोरा असतो. हे अर्धवट रूप यूएचआरएफ१ हे प्रथिन हेरते. खूण असलेला सायटोसिन ते दुहेरी सर्पिलाबाहेर वळवून चक्क आपल्या खोबणीत धरते. मग डीएनएमटी१ हे विकर (एन्झाइम) येऊन नव्या धाग्यावर तीच खूण लावते. यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच राहते त्यात या नकलेचा मोठा वाटा आहे. हे विकर निकामी केलेल्या उंदरांचे भ्रूण गर्भकाळाच्या मध्यावर मरतात, हे १९९२ मध्येच दिसले.

पण फलित अंड्याला जुनी आठवण नकोच असते. उंदराच्या भ्रूणात शुक्राणूकडून आलेल्या खुणा टेट३ हे विकर ऑक्सिडीकरण करून बदलून टाकते. त्याच वेळी डीएनएमटी१ बहुतांशी केंद्रकाबाहेर ठेवले जाते. खुणांची नक्कल थांबली की हिशेब सरळ, दर विभाजनाला खुणा निम्म्या: १००, ५०, २५, १२.५. साडेतीन दिवसांच्या ब्लास्टोसिस्टमध्ये, म्हणजे रुजण्याआधीच्या पोकळ गोळ्यासारख्या भ्रूणात, पातळी तळाला जाते. गर्भाशयात रुजल्यावर डीएनएमटी३ए आणि ३बी ही विकरे नव्याने खुणा मांडतात.

या झाडलोटीतून काही जागा मात्र सुटायलाच हव्यात. झेडएफपी५७ हे प्रथिन टीजीसीसीजीसी ही सहा अक्षरे ओळखते, पण त्यांवर मिथाइल असेल तरच, आणि तिथे खूण राखणारी प्रथिने बोलावते. अशीच राखलेली, आयजीएफ२ या वाढीच्या जनुकाजवळची खूण फक्त वडिलांच्या प्रतीवर असते; इथे ती जनुक बंद नव्हे, चालू ठेवते, म्हणून तीच प्रत चालते. आईच्या प्रतीवरही ती खूण चढली तर दोन्ही प्रती चालू होऊन बाळ अवास्तव वाढते (बेकविथ-वीडमन विकार); वडिलांच्या प्रतीवरची गेली तर वाढ खुंटते (सिल्व्हर-रसेल विकार).

आईवडिलांच्या विचारांचे ठसे बाळाच्या जनुकांवर उमटवून देतो म्हणणाऱ्यांना इथेच अडवावे. ठसा टिकायचा तर ही सफाई चुकवायला हवी, शिवाय त्याआधी अंडे-शुक्राणू घडवणाऱ्या पेशींतली, याहून कडक सफाईही. त्या फेरीत राखलेल्या खुणासुद्धा जातात.

सगळेच पृष्ठवंशीय असे पुसत बसत नाहीत, हेही खरे. झेब्राफिशमध्ये शुक्राणूचा नमुना जवळजवळ तसाच राहतो आणि हजार पेशी होईपर्यंत आईकडचा डीएनए त्याच्यासारखा होतो.