एकीने पाय सुजतात, दुसरीने पोट गच्च होतं: अ‍ॅम्लोडिपिन आणि व्हेरापामिल

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात पंचवटीहून एक काका आले. हातात इसबगोलची अर्धी संपलेली डबी. "ताई, ही घेऊनही पोट साफ होत नाही. आता काहीतरी जोराचं द्या." मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तर पिशवीतून दोन निघाल्या. जुन्या चिठ्ठीवर बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, महिन्याभरापूर्वीच्या नव्या चिठ्ठीवर तिच्याऐवजी बीपी-हृदयाचीच व्हेरापामिल 240 मिलिग्रॅम. मी गोळी बदलल्याचं विचारलं तर काका म्हणाले, "अहो, दोन्ही त्या कॅल्शियमच्याच गोळ्या. एकाच जातीच्या. पहिलीनं पोटाला कधी त्रास दिला नाही, म्हणजे हिचाही नसणार."

असा हिशोब दुकानात रोज ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे.

आधी 'कॅल्शियमच्या गोळ्या' या शब्दाचं बघू. या गोळ्यांत कॅल्शियम नसतं आणि त्या हाडांतलं कॅल्शियम ओढूनही घेत नाहीत. स्नायूच्या पेशीवर बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो. ही औषधं ते दार अडवतात, म्हणून त्यांना कॅल्शियम चॅनल ब्लॉकर म्हणतात. कॅल्शियमचं महत्त्व लंडनच्या सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये दाखवलं. नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातलं मात्र थांबायचं. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा.

आतड्याचं गणितही हेच. मी बी. फार्म.ला असताना आम्ही खाटकाकडून कोंबडीचं ताजं आतडं आणायचो. त्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्याने बांधून 37 अंशांच्या टायरोड द्रावणात (शरीरातल्यासारखे क्षार असलेल्या पाण्यात) सोडायचा, खालून हवेचे बुडबुडे, वर दोरा लिव्हरला जोडलेला आणि समोर काजळी धरलेल्या कागदाचं फिरतं ड्रम. अ‍ॅसिटिलकोलिनचा, म्हणजे आतड्याला आवळायला लावणाऱ्या रसायनाचा, थेंब पडला की तुकडा आखडायचा आणि लिव्हरचं टोक काजळीवर पांढरी टेकडी काढायचं. नंतर द्रावणात व्हेरापामिल मिसळून तोच थेंब पुन्हा टाकला. टेकडी निम्म्यावर आली, मात्रा वाढवली तसा नुसता उंचवटा उरला. मग मॅडमनी द्रावणात जास्तीचं कॅल्शियम क्लोराइड घालायला सांगितलं आणि टेकडी परत बरीच वर चढली. हृदयाची गोळी आतड्यावर काय करते, ते त्या काजळीवर मला कायमचं दिसलं.

आता एक बारकावा. अशा काचेच्या भांड्यात अ‍ॅम्लोडिपिनच्या कुळातली औषधंही आतड्याला सैल करतात. म्हणजे दार दोघींनाही तेच लागतं. पण माणसाच्या पोटात फक्त त्या दाराचा प्रश्न नसतो. गोळी किती जाते, कुठे चिकटते आणि दार कुठल्या अवस्थेत असताना पकडते, यावर सगळं ठरतं.

अ‍ॅम्लोडिपिनची पकड रक्तवाहिनीवर घट्ट बसते. तिथला स्नायू सदा थोडा आवळलेला असतो आणि त्या अवस्थेतल्या दारांना ती सहज चिकटते. त्यामुळे दिवसाला 2.5 ते 10 मिलिग्रॅममध्येच वाहिन्या सैल होऊन बीपी उतरतं. तेवढ्या मात्रेत हृदयाच्या ठोक्यावर थेट परिणाम जवळजवळ नसतो, आतड्यावरही फारसा नाही. व्हेरापामिल आतल्या बाजूने, दार उघडं असताना शिरतं. जे दार वारंवार उघडतं त्यात ते जास्त अडकतं, आणि हृदयात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश नेणाऱ्या गाठीत दर ठोक्याला दार उघडतं. म्हणून अनियमित, धावत्या ठोक्यांना आवर घालायला डॉक्टर व्हेरापामिल देतात. त्याची मात्रा दिवसाला 120 ते 480 मिलिग्रॅम. पोटात गेलेलं व्हेरापामिल बहुतेक सगळं शोषलं जातं, पण पहिल्याच फेरीत यकृत त्यातलं बरंच मोडतं आणि 20 ते 35 टक्केच रक्तात पोहोचतं. म्हणजे आतड्याच्या भिंतीवरून जाणारा साठा रक्तात उरणाऱ्याच्या तिप्पट-चौपट असतो.

आतड्याला स्वतःचा ठेका असतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला साधारण 12 लहरी येतात, शेवटाकडे आठाच्या आसपास. लहरीच्या माथ्यावर कॅल्शियमची दारं उघडली की स्नायू आवळतो आणि आतला मळ पुढे सरकतो. व्हेरापामिलने ठेका बंद पडत नाही, पण आवळण्यात जोर राहत नाही. मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो, पाणी शोषलं जाऊन घट्ट होतो. औषधाच्या चाचण्यांत 100 पैकी सुमारे 7 जणांना बद्धकोष्ठ झालं, वयस्करांना ते जास्त जाणवतं. पण हातापायांतली ताकद मात्र जात नाही, कारण तिथल्या स्नायूला बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमची वाट पाहावी लागत नाही, त्याचा साठा आतच असतो. पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉलही आतड्यातली हीच दारं थोडी मिटवतं, म्हणून मुरडा आला की पुदिना बरा वाटतो. आतड्यासाठी जो उपाय, तोच हृदयाच्या गोळीत त्रास ठरतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

अ‍ॅम्लोडिपिनचा त्रास वेगळा, घोट्यांना सूज. 5 मिलिग्रॅमवर 100 पैकी 3 जणांना, 10 वर जवळपास 11 जणांना, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. बारीक धमन्या उघडतात, पण शिरा तितक्या उघडत नाहीत, म्हणून मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखी, शिराही उघडणारी बीपीची दुसरी गोळी जोडतात, तेव्हा फरक पडतो. इथेही गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी मागून घेणारे खूप दिसतात. ते थांबावं असं मला मनापासून वाटतं.

व्हेरापामिलबरोबर एक धोका मोठा आहे. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही ठोका मंद करणारी बीपीची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून हृदयाचा ठोका फार मंद करू शकतात. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची रक्तातली पातळीही व्हेरापामिलने चढते. म्हणून जुन्या चिठ्ठ्या पिशवीतच ठेवू नका, डॉक्टरांसमोर मांडा.

काकांना मी जोराचं औषध दिलं नाही. इसबगोल घेताना ते किती पाणी पितात, हे विचारलं, तर म्हणाले अर्धा ग्लास. चमचाभर पावडरीला पूर्ण ग्लास आणि वर पुन्हा पाणी घ्यायला सांगितलं. व्हेरापामिल मनाने बंद करायचं नाही, हे दोनदा बजावलं. मग नव्या चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं: 'व्हेरापामिल सुरू झाल्यापासून पोट साफ नाही. गोळीमुळे का? मात्रा किंवा गोळी बदलता येईल का?' काकांनी ते वाचलं, चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि विचारलं, "डॉक्टरांना आजच फोन लावू का?" मी म्हटलं, "आत्ता इथूनच लावा."