फळ सोडणं आणि फळ सोपवणं

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुणी 'निकाल प्रभूच्या हाती सोपवलाय' म्हटलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "अहो, हे तर गीतेतलंच. कर्मण्येवाधिकारस्ते!" शेजारधर्म म्हणून मी वर्षानुवर्षं मान डोलावली. आता पुरे. त्याहून वाईट म्हणजे उपासनेनंतर आमचीच माणसं एकमेकांना 'फळाची अपेक्षा ठेवायची नसते' असं सांगतात आणि ते बायबलमध्येच आहे असं समजतात.

गीतेचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे, लांबवत नाही. दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक: अधिकार कर्मावर, फळावर नाही, आणि कर्म न करण्याचीही ओढ नको. पुढच्याच श्लोकात यश-अपयश सारखंच मानायला सांगितलंय. आळसाला तर दोन्हीकडे थारा नाही. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, असं येशूचा प्रेषित पौल यानं थेस्सलनीका गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय. तेव्हा 'देव बघून घेईल' म्हणत विणायचा माग बंद ठेवणाऱ्याचा विषय इथेच मिटला.

घोळ होतो तो इच्छेपाशी.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरली की पुढे सगळी भिस्त जमिनीतल्या ओलीवर. पीक येवो न येवो, मन ढळू द्यायचं नाही, ही गीतेची शिकवण. मोठीच आहे ती. पण ख्रिस्ती शेतकऱ्याला इच्छा मारायला कुणी सांगितलेलं नाही. चिंता करू नका, आपली मागणी देवाला कळवा, असं पौल फिलिप्पैकरांना सांगतो. मागणी! कणसं भरू देत, कडबा जनावरांना पुरू दे, असं नाव घेऊन मागायचं. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलीय. (मराठीत तिथं 'भाकर' लिहिणाऱ्यानं आम्हा सोलापूरकरांवर उपकारच केलेत.)

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी काय म्हणाला? हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून टळू दे. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्यानंतर. आमचे लोक पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात आणि त्यालाच भरवसा म्हणतात. पौलानंही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, पण विनवणी केली म्हणून त्याला कुणी कमी विश्वासाचा ठरवलं नाही. म्हणून मुलगी परीक्षेत नापास झाल्यावर आईला रडू आलं, तर 'ताई, तुमचा भरवसा कमी पडला' असं सांगायला जाऊ नका. बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यानं तर अश्रू गाळत पेरणाऱ्यांनाच हर्षाच्या कापणीचं वचन दिलंय.

एकानं आपली म्हैस दावं तोडून मोकळी सोडली, दुसऱ्यानं ती गुराख्याच्या ताब्यात दिली. दोघंही रिकाम्या हातांनी घरी आले. पण दिवस कलला की दुसरा दारात येऊन वाट बघतो. ही वाट बघणं म्हणजे आसक्ती, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे तिला आशा म्हणतात आणि ती गुणात धरतात.

तुलना करायचीच असेल तर ४७ वा श्लोक सोडा आणि नवव्या अध्यायातला २७ वा घ्या: जे करशील ते मला अर्पण कर. तिथं निदान घेणारा समोर आहे. हा श्लोक कुणी काढला तर मी आनंदानं चहा पाजून बोलत बसेन. तरी पुढचा श्लोक शुभ-अशुभ फळांच्या कर्मबंधनातून सुटण्याबद्दल आहे. आमच्या लेखी फळ हे बंधन नाही, देणगी आहे. मी लावलं, अपुल्लोसानं (त्याच्या सहकारी उपदेशकानं) पाणी घातलं, वाढवलं देवानं, असं पौल करिंथच्या मंडळीला सांगतो, आणि त्या वाढीचं त्याला कौतुकही आहे.

आता एक घरचा आहेर. डाळिंबावर तेल्या रोग येतो, फवारणी चुकलेली असते, आणि उपासनेत साक्षीला, म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभे राहून 'प्रभूची इच्छा' म्हणून मोकळे! जुन्या करारातल्या नहेम्यानं यरुशलेमचा कोट बांधताना प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही एकाच वचनात आहे, ४:९. साक्ष देताना फवारणीची तारीखही सांगत जा, असं मी मागच्या महिन्यात म्हणालो. तेव्हापासून साक्षीच्या वेळी माइक माझ्यापर्यंत पोचलेला नाही.